जुन्या थ्री नॉट थ्रीवर आधीच्या मालकाने काय काय केलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न येतात. कुणाला शेजाऱ्याच्या गराज सेलमध्ये रायफल मिळालेली असते, कुणाला गोऱ्या सासऱ्यांकडून. कुणी 'इशापूर' (बंगालातला रायफलींचा कारखाना) हा शब्द वाचून भावनेच्या भरात विकत घेतलेली असते (मी यातला). इथे फक्त ली-एनफील्ड घराण्याबद्दल लिहिलंय, म्हणजे जिला आपण सगळे थ्री नॉट थ्री म्हणतो तिच्याबद्दल.

हात लावण्याआधी एक गोष्ट करायचीच. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा दांडा) मागे ओढा, मॅगझिन काढा आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघून वर बोट घालूनही तपासा. खालचं सगळं त्यानंतर.

१. माझ्याकडे नक्की कोणती रायफल आहे, हे आधी कसं ठरवू?

दस्ता जिथे धातूत शिरतो तिथे एक जाडजूड लोखंडी कॉलर असते. रायफलचा जन्मदाखला बहुधा तिच्यावरच असतो. उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, वर्ष आणि खाली 'एसएचटी. एल.ई. III' किंवा त्यापुढे चांदणी असेल, तर ती नंबर १ रायफल. हा 'नंबर १' शब्द १९२६ नंतरचा; त्याआधी तिला शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड म्हणत. इंग्लंडमध्ये एनफील्ड, बर्मिंगहॅमची बी.एस.ए. आणि लंडनची एल.एस.ए., ऑस्ट्रेलियात लिथगो, आपल्याकडे बंगालातलं इशापूर, अशा ठिकाणी ती बनली.

नंबर ४ दुसऱ्या महायुद्धातली. तिचा क्रमांक त्याच कॉलरच्या डाव्या बाजूला असतो. क्रमांकात मध्येच 'एल' असेल तर कॅनडातली लाँग ब्रांच, 'सी' असेल तर अमेरिकेतली सॅव्हेज. सॅव्हेजवर 'यू.एस. प्रॉपर्टी' असंही कोरलेलं असतं. ती रायफल अमेरिकी सैन्याची नव्हती. मदत करारातून ब्रिटनला दिलेला तो माल.

पुढचा भाग कापलेला असला तरी मागची साइट (नेम धरायची खूण) बघून ओळखता येतं. नंबर १ची साइट नळीवर, हाताच्या पकडीच्या पुढे बसते. नंबर ४ची अगदी मागे, डोळ्याजवळ.

२. जो बदल दिसेल तो मालकानेच केलेला, असं धरायचं का?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. या रायफली पन्नास-साठ वर्षं वापरात होत्या. कारखान्याने, सैन्याच्या आर्मररने (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने), विकणाऱ्या व्यापाऱ्याने आणि शेवटी मालकाने, अशा चार हातांनी त्यांना घासलंय, ठोकलंय, बदललंय. माझा ठोकताळा असा आहे की सैन्य बदल करतं तेव्हा सही करतं. ठसा मारतं, जुना क्रमांक आडव्या रेघेने खोडून नवा घालतं, तारीख टाकतं. मालक बहुतेकदा नुसताच कानस घेऊन बसतो. या ठोकताळ्याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

नेहमी विचारलं जाणारं एक उदाहरण देतो. नंबर १च्या उजव्या अंगाला एक लांबट रिकामी खाच दिसते आणि लोकांना वाटतं काहीतरी चोरीला गेलंय. तिथे मॅगझिन अडवणारी एक पट्टी असायची. १९१६ साली चांदणीवालं मॉडेल आलं तेव्हा युद्धाच्या घाईत ती पट्टी, लांब पल्ल्याची बाजूची साइट आणि मागच्या साइटचं डावं-उजवं फिरणं, तिन्ही काढून टाकलं. खाच मात्र काही रायफलींवर तशीच राहिली. दस्त्यावरची पितळी चकती नसणं हेही बहुतेकदा असंच असतं.

३. माझ्या रायफलीचं लाकूड अर्ध्यातच संपतं. फोटोत तर ते नळीच्या टोकापर्यंत दिसतं. काय झालंय?

तिला 'स्पोर्टर' केलंय. युद्धानंतर या रायफली ढिगाने विक्रीला आल्या आणि त्यांची किंमत नव्या शिकारी रायफलीच्या तुलनेत किरकोळ होती. हरणामागे दिवसभर जंगलात हिंडणाऱ्याला संगिनीच्या खुंटीचं आणि अंगभर लाकडाचं ओझं नको होतं. म्हणून पुढचं लाकूड कापायचं, वरची झाकणं काढायची, नाकाडावरची लोखंडी टोपी फेकायची. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात तर मूळ अंगाच्या रायफलीपेक्षा अशाच जास्त भेटतात.

घरी कापलेलं आणि दुकानात कापलेलं यात फरक दिसतो. लाकडाच्या टोकावर बॅटरी तिरकी धरा. घरच्या कामात करवतीचे दात किंवा रेतीचे ओरखडे दिसतात, गोलाई एका बाजूला झुकलेली असते आणि वरच्या झाकणासाठीची खोबण अर्धवट उघडी पडलेली असते. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या व्यापारी कंपन्यांचं काम सफाईदार असतं. तिथे टोकाला वेगळ्या रंगाचा तुकडा, नवी साइट, छोटं मॅगझिन असं सगळं एका हाताचं वाटतं. अशा रायफलीला 'बिघडवलेली' म्हणणं मला पटत नाही. तो त्या काळचा एक स्वतंत्र माल होता.

यातून एकच गोष्ट शोधायची: नळी वाचलीय का? त्यासाठी पुढचा प्रश्न.

४. नळी कापलीय का, ते कसं मोजायचं?

रायफल रिकामी आहे याची पुन्हा खात्री करून बोल्ट बंद करा. साफ करायची सळई तोंडाकडून हलकेच आत सोडा, बोल्टला टेकली की नळीच्या तोंडाशी खूण करा आणि सळई काढून मोजा. नंबर १ आणि नंबर ४ दोन्हींची नळी २५.२ इंच असते. माप दोन-तीन इंचांनी कमी भरलं तर कापलेली समजा. अपवाद जंगल कार्बाइनचा, म्हणजे मुळातच आखूड बनवलेल्या नंबर ५चा, तो प्रश्न १२ मध्ये आहे.

तोंडाचा काठही बघा. कारखान्याचा काठ सगळीकडून सारखा असतो. हॅकसॉने कापून कानशीने घासलेला काठ एका बाजूला उतरतो आणि त्यावर नंतरचा निळा रंग बहुधा उडालेला असतो. पुढच्या माशीचा ठोकळा मुळात खाच आणि पिनने बसवलेला असतो. तिथे डाग दिलेला किंवा स्क्रूने आवळलेला उतार दिसला तर नळी जवळपास नक्की कापलेली.

हा प्रश्न कायद्याचाही आहे. अमेरिकेत रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर वेगळी संघीय नोंदणी लागते. कॅनडात कापून ४५७ मिलिमीटरच्या खाली आणलेली रायफल सरळ निषिद्ध वर्गात जाते. माप काठावर आलं तर आधी वकील गाठा, गिऱ्हाईक नंतर.

५. बोल्टचा क्रमांक वेगळा आणि रायफलीचा वेगळा. फसवलं का मला?

कदाचित. नंबर १वर क्रमांक बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या मूळ भागाच्या) पुढच्या कड्यावर उजवीकडे, नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मागे, नाकाडाच्या टोपीवर, मागच्या साइटच्या पानाखाली आणि पुढच्या लाकडाच्या पोटाशी, इतक्या ठिकाणी सापडू शकतो. सगळे जुळले तर ती भाग्याची गोष्ट. एकटी टोपी किंवा एकटं लाकूड जुळत नसेल तर सैन्याच्याच दुरुस्तीत ते बदललेलं असू शकतं.

जुन्या आकड्यावर आडवी रेघ आणि शेजारी नवा आकडा असेल तर ते काम आर्मररचं. जुना आकडा घासून तिथे खळगा पडलाय आणि त्यात नवे, टोकदार, चकचकीत आकडे बसवलेत, तर ते विक्रेत्याचं किंवा मालकाचं. भिंगातून बघा. जुन्या ठशाच्या कडा बोथट आणि मळलेल्या असतात, नव्याच्या कडांना धातूची बारीक लव उभी राहते.

बोल्ट न जुळणं बाकी सगळ्यापेक्षा गंभीर आहे. का, ते प्रश्न १५ मध्ये.

६. जागोजागी बारीक अक्षरं आहेत. सैन्याची कोणती, बाजाराची कोणती?

तीन फटकाऱ्यांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर रायफल सरकारने सेवेतून काढून विकली. 'एफ.टी.आर.' म्हणजे कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्त केलेली. त्यासोबत बहुधा वर्ष असतं. नंबर ४वर 'एमके १/२' असं विजेच्या पेन्सिलीने खरडलेलं दिसलं तर तेही अधिकृत आहे. ट्रिगर खालच्या ट्रिगर-गार्डवरून (ट्रिगरभोवतीच्या धातूच्या पट्टीवरून) काढून बॉडीला टांगण्याची ती युद्धोत्तर सुधारणा. अक्षर गचाळ आहे म्हणून मालकाचं समजू नका.

नळीवर '.३०३', '२.२२२' आणि '१८.५ टन' अशी ओळ असेल तर तो ब्रिटिश प्रूफ हाउसचा व्यापारी ठसा. विक्रीआधी जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासल्याची ती खूण. नुसतं 'इंग्लंड' हा शब्द निर्यातीसाठीचा. १९६८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या रायफलींवर आयातदाराचं नाव आणि गाव बारीक अक्षरांत असतं, बहुधा नळीवर किंवा बॉडीवर.

आणि मग नऊ आकडी कोडं. अमेरिकेत १९७० च्या सुमारास, चोरी झाली तर वस्तू ओळखता यावी म्हणून, लोकांना सामानावर आपला क्रमांक कोरून ठेवायचा सल्ला दिला जाई. कित्येकांनी रायफलीवर थेट सोशल सिक्युरिटी क्रमांक कोरला. असा आकडा दिसला तर त्याचा फोटो कुठेही टाकू नका. तो कुणाचा तरी खरा क्रमांक आहे.

७. पुढच्या लाकडात आरपार एक स्क्रू घातलाय. हा जुगाड कुणाचा?

आपलाच! मॅगझिनच्या किंचित पुढे आडवा गेलेला तो स्क्रू भारतीय कारखान्याने लाकूड फाटू नये म्हणून घातलेला आहे. संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' असंच म्हणतात. तो काढून भोक लांबीने बुजवलेल्या रायफली मी पाहिल्यात आणि दर वेळी हळहळलोय.

पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असेल तर तेही सैनिकी काम. नळीच्या तोंडाला कप लावून हातगोळा फेकायच्या रायफलींना ही मजबुती देत. तार मूळची असेल तर वेढे एकमेकांना चिकटून, सोल्डरने बांधलेले असतात. हल्ली 'रुबाबदार दिसते' म्हणून कुणीकुणी नवी तार गुंडाळतं. ती चकाकते आणि वेढ्यांत फटी असतात.

८. दस्ता फार आखूड वाटतो. कापलाय का?

दस्त्याच्या वरच्या अंगाला, मागच्या पट्टीजवळ 'एस' किंवा 'बी' अक्षर आहे का बघा. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे दस्ते वेगवेगळ्या मापांत बनत. एस म्हणजे आखूड, बी त्याहून आखूड, एल लांब, अक्षर नसेल तर नेहमीचा. मागे धातूच्या पट्टीऐवजी रबरी गादी असेल तर मात्र मालकाने कापलाय. त्या कापाकापीत साफसफाईच्या सामानाचं पट्टीतलं झाकणही गेलेलं असतं.

९. विकणारा म्हणतो, लाकूड 'मूळ' आहे. मला वाटतं नंतर चढवलंय. कसं ठरवू?

स्पोर्टर केलेल्या रायफलीला पुन्हा पूर्ण लाकूड चढवून 'अस्सल' म्हणून विकणं हा आता नेहमीचा धंदा झालाय. आधी रंग बघा: दस्ता, पुढचं लाकूड आणि वरची झाकणं तिन्ही वेगवेगळ्या झाडांची वाटतात का? लिथगोच्या रायफलीवर बहुधा कोचवुड हे ऑस्ट्रेलियातलं लाकूड असतं, लालसर आणि सरळ रेषांचं. त्यावर मधेच गर्द अक्रोडाचं झाकण आलं तर विचारायला हवं. मग क्रमांक (प्रश्न ५).

पण खरा पुरावा आत असतो. नंबर १च्या पुढच्या लाकडात नळीला खालून वर रेटणारी एक छोटी खुंटी आणि स्प्रिंग असते. घरी लाकूड चढवणाऱ्यांकडून ती हमखास राहते. पुढच्या ट्रिगर-गार्ड स्क्रूवरची धातूची नळकांडी तशीच.

लाकडाच्या मागच्या टोकाला, कॉलरला टेकतं तिथे, उभी चीर असेल तर त्यामागे एक विशिष्ट चूक असते. नंबर १च्या दस्त्याचा लांब बोल्ट पुढे चौकोनी होऊन पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकतो. पुढचं लाकूड न काढता आधी दस्ता फिरवायला गेलं की तो चौकोन फिरतो आणि लाकूड आतून फाडतो. हे मला इतकं नीट माहीत आहे कारण माझी पहिली इशापूर मी अशीच फाडली. रविवारची दुपार, लांब स्क्रूड्रायव्हर, आणि सुकी शेंग फुटावी तसा एक आवाज. पुढे ती विकली तेव्हा विकत घेणाऱ्याने नेमकी तिथेच बॅटरी मारली.

१०. सगळ्या रायफलीवर काळा रंग आहे. खरवडून काढू का?

थांबा. भारतीय दुरुस्तीतल्या आणि युद्धोत्तर ब्रिटिश नंबर ४ रायफलींवर सरकारीच काळा रंग असतो. तो ठशांच्या आतही सारखा बसलेला असतो. मालकाचा स्प्रे-पेंट स्क्रूच्या खाचेत साचतो, लाकडाच्या काठावर उडतो. याउलट आरशासारखं निळं पॉलिश आणि त्याखाली गंजाचे खड्डे असतील, तर कुणीतरी नंतर घासून रंगवलंय. अशा वेळी ठशांच्या कडा गोल झालेल्या दिसतात.

लाकडावर सैन्य जवसाचं तेल लावी. काचेसारखं चकाकणारं व्हर्निश मालकाचं.

११. बॉडीला दुर्बिणीसाठी भोकं आहेत. ही स्नायपर रायफल असू शकते का?

वर, कड्यावर दोन-तीन आटे पाडलेली भोकं असतील तर नाही; ती शिकाऱ्याची. खऱ्या नंबर ४ 'टी' रायफलीवर डाव्या बाजूला दोन धातूचे ठोकळे असतात, बॉडीवर 'टी' आणि कॉलरवर 'टी.आर.' हे ठसे असतात आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर कोरलेला असतो. बहुतेक रूपांतरं लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने केली. किंमत अनेक पटींनी वाढते म्हणून नकलाही भरपूर आहेत. एकच 'टी' बघून पैसे मोजू नका.

१२. माझ्याकडे 'जंगल कार्बाइन' आहे, पण सॅव्हेजची. दुर्मीळ असेल ना?

नाही, ती नंतर बनवलेली आहे. खरी जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर ५, फक्त इंग्लंडमध्ये फझाकर्ली आणि बी.एस.ए.च्या शर्ली कारखान्यात, १९४४ ते १९४७ दरम्यान बनली. सॅव्हेज किंवा लाँग ब्रांचच्या रायफलीला नळीच्या तोंडाशी ज्वाळ झाकणारं नरसाळं दिसलं की कुणीतरी नंबर ४ कापलीय.

इंग्लिश बॉडी असेल तर लाकूड उतरवून नळीचं बूड बघा. वजन घटवायला खऱ्या कार्बाइनच्या नळीच्या जाड भागात आणि बॉडीवरही धातू कोरून काढलेला असतो, बोल्टची गुंडीही पोकळ असते. साइट ८०० यार्डांपर्यंतच असते. १३०० असेल तर ती नंबर ४ची.

१३. इशापूरची आहे, पण नळीत आटे नाहीत, आणि मॅगझिनच्या जागी लाकूड! दुसऱ्या एकावर ७.६२ लिहिलंय. ही मालकांची कामं का?

दोन्ही सरकारी. पहिली .४१० मस्केट. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी इशापूरने जुन्या रायफली एकेरी काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या करून दिल्या. मॅगझिनच्या जागचा लाकडी ठोकळा मूळचाच आहे. पण इथे अपवाद आहे. तिचं काडतूस .३०३च्याच पितळाचं, मान न आवळलेलं असे. ते बाजारात मिळत नाही, म्हणून परदेशात आल्यावर बऱ्याच मस्केटांचं चेंबर बाजारातल्या .४१० काडतुसासाठी खरवडलं गेलं. हा बदल बाहेरून दिसत नाही आणि त्याचा ठसाही बहुधा नसतो. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या.

दुसरी २ए किंवा २ए१. ही .३०३ पोखरून बनवलेली आहे असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. चूक. १९६० च्या दशकात इशापूरने ती ७.६२ साठी सुधारित पोलादाची नवीच बनवली, बारा काडतुसांच्या चौकोनी मॅगझिनसह. २ए१ची साइट ८०० मीटरची. तिच्याच आखूड, नरसाळ्याच्या 'कार्बाइन' दिसतात, त्या मात्र अमेरिकी आयातदारांची कारागिरी.

१४. 'डी.पी.' असा ठसा आहे. म्हणजे काय?

ड्रिल पर्पज, फक्त कवायतीची. सैन्याने स्वतःच उडवायला नालायक ठरवलेली. तो ठसा कुणी घासून काढलाय का, ते बॉडी, नळी आणि बोल्ट तिन्हींवर बघा.

इथेच खैबरच्या नकलांचंही सांगतो. दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या रायफलींवर 'एनफील्ड'मधला एन उलटा असतो किंवा राणी व्हिक्टोरियाची अक्षरं आणि खाली १९१९ साल असतं. राणी १९०१ मध्येच गेली. भिंतीवर लावायला झकास, पण उडवू नका.

१५. मग माझी रायफल उडवायला सुरक्षित आहे का?

लेख वाचून हे ठरत नाही. .३०३ काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं. कडा आणि बोल्ट यांच्यातली जागा सैन्याच्या मापात ०.०६४ ते ०.०७४ इंच. आधीच्या मालकाने बोल्ट बदलला असेल तर ही जागा वाढलेली असू शकते आणि काडतूस बुडाशी फाटू शकतं. नंबर ४च्या बोल्टच्या डोक्यावर ०, १, २, ३ असे आकडे असतात, आकडा वाढला की लांबी वाढते. '३' दिसला तर कुणीतरी ही जागा आधीच भरून काढलीय. जाणकाराकडून गेजने मोजून घ्या.

१६. भारतात, गावच्या घरी अशीच एक आहे. तिच्यावर काय बघू?

आधी परवाना बघा. भारतात .३०३ हा निषिद्ध बोअर (नळीच्या छिद्राचं माप) आहे. पुष्कळदा घरची रायफल प्रत्यक्षात .३१५ निघते, सरकारी कारखान्याचीच, याच घडणीची, नागरिकांना परवान्यावर मिळणारी. नळीवर बोअर लिहिलेला असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ नळी आखूड करण्याबद्दल आहे आणि कलम ८ ओळखचिन्हं पुसण्याबद्दल. खोडलेला क्रमांक दिसला तर स्वतः घासपूस न करता पोलीस ठाण्यात कळवा.

१७. स्पोर्टर पुन्हा मूळ रूपात आणू का?

नळी पूर्ण असेल आणि बॉडीला भोकं नसतील तर जरूर. फक्त लाकूड, टोपी, झाकणं, स्क्रू यांची किंमत आधी मांडून बघा. बेरीज अनेकदा दुसऱ्या अख्ख्या रायफलीइतकी होते. भोकं असतील तर तशीच शिकारीला वापरा.

आणि जुने सुटे भाग घेताना सोबतच्या खोक्यातल्या रिकाम्या पितळ्या फेकू नका. माझ्या दुसऱ्या रायफलीबरोबर ओंटॅरिओतल्या एका म्हाताऱ्याने तंबाखूचा डबाभर दिल्या होत्या. त्यातल्या चार पितळ्यांच्या बुडावर 'के.एफ.' होतं. के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची. माझे काका तिथे कामाला होते, सकाळच्या भोंग्यावर सायकल काढायचे. त्या चार मी विकलेल्या नाहीत.